मायच्या मनगटावरचा हात

माझी माय जन्मापासून बहिरी आणि मुकी. साठी उलटली तरी तिच्या तोंडून एक शब्द कधी निघालेला नाही. पण तालुक्याच्या कोर्टातली आमच्या दाव्याची फाइल काढली, तर त्यात मायचं एक शुद्ध, टाइप केलेलं वाक्य सापडतं: ‘सदर बक्षीसपत्र मी राजीखुशीने करून दिले, हे म्हणणे खरे आहे.’ खाली तिचा अंगठा. ते वाचलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. राजीखुशी म्हणे! आमच्या घरात इतक्या वर्षांत राजीखुशीची खूण तयार झाली नाही, आणि यांनी एका दुपारात ती तिला विचारूनही टाकली.

तलावाच्या पाळीखाली तिची दोन एकर जमीन होती, धानाची. तिच्या बापानं मरायच्या आधी ती तिच्या एकटीच्या नावानं केली होती. मुक्या लेकीला आपल्यामागं कोणी विचारणार नाही, अशी त्याला धास्ती होती. माझा बाप या घरात घरजवाई म्हणून आला. तो तलावात जाळं टाकायचा, माय धानाच्या बांध्यांमध्ये रोवणं, निंदण, कापणी करायची. बाप गेला. मी लग्न होऊन ऊर्जानगरात आले, नवरा तिथल्या वीजकेंद्रात कामाला, दोन खोल्यांचं क्वार्टर. मायला दहादा म्हटलं, चल माझ्यासंग. ती दोन्ही हातांनी चिखलात रोप खोचायची खूण करायची आणि छातीवर हात मारायची. शेत माझं, मी नाही येत. तिथं विषय संपायचा.

मायच्या शेजारीच मामाचं घर, दाराला दार लागून. मामा म्हणजे मायचा सख्खा धाकटा भाऊ, तिनंच कडेवर खेळवलेला. एके दिवशी त्यानं तिच्यासमोर आपला अंगठा तळहातावर दाबून दाखवला. आमच्याकडं ही खूण रेशनच्या तांदळाची. दर महिन्याला दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की तांदूळ मिळतो, म्हणून. माय खुशीत पिशवी खांद्याला अडकवून निघाली. मामानं तिला रजिस्ट्रीच्या ऑफिसात नेलं. तिथंही मशीन, तिथंही अंगठा, वरून फोटो. पुढं त्या बक्षीसपत्राची नक्कल माझ्या हातात आली. भावाला प्रेमापोटी दोन एकर जमीन देऊन टाकणारी माझी माय त्या फोटोत हसत होती, आणि तिच्या खांद्यावर रेशनच्या पिशवीचे बंद स्पष्ट दिसत होते.

मला हे कळलं तेच मुळी धान विकायला सातबारा काढला तेव्हा. त्यावर मायचं नाव नव्हतं, मामाचं होतं. मी तशीच मामाच्या दारात गेले. तो पायरीवर बसून सुपारी कातरत होता.

"तिले काय समजते वं? येडी हाय ते," मामा म्हणाला. "म्याच पाहून राह्यलो ना तिच्याकडे."

"येडी हाय तं तिचा अंगठा काऊन घेतला?"

त्यानं सुपारी तोंडात टाकली. "मंग जा कोर्टात."

गेले. मलाही तेवढीच खाज होती.

कोर्टाच्या दाराशी अपंगांसाठी छान रॅम्प आहे, दोन्ही बाजूंनी चकचकीत पाइप. त्यावर वकिलांच्या मोटरसायकली उभ्या असतात, कारण सावली तिथंच पडते. आत व्हरांड्यात एका खोलीवर ‘दिव्यांग सहाय्य कक्ष’ अशी पाटी. खोलीला कुलूप. खिडकीतून डोकावले तर आत मोडक्या खुर्च्या एकमेकींवर पाय टाकून पडलेल्या. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, याही लंगड्याच.

पहिल्याच तारखेला आमची फजिती झाली. कोर्टात शिपाई दारात येऊन तीनदा नाव पुकारतो. मी झेरॉक्स काढायला समोर गेले होते, मायला दाराजवळच्याच बाकावर बसवून. शिपायानं तिचं नाव तिच्याच डोक्यावरून तीनदा पुकारलं. ती त्याच्याकडं बघत होती म्हणे, मानही हलवत होती. मी परत आले तोवर ‘वादी गैरहजर’ लिहून झालं होतं.

"अहो भाऊ, ही काय इथी बसून हाय!"

"मंग आवाज नाई द्यायचा काय?" शिपाई म्हणाला.

"बयरी हाय ते. मुकी हाय."

"आधी सांगायचं ना मंग."

दाव्याच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं. पण दावा वाचणं हे शिपायाचं काम नव्हतं, ते ज्यांचं होतं त्यांना पुकारा करायचा नव्हता. आमच्या वकिलांनी हातापाया पडून ती गैरहजेरी खोडून घेतली.

मग दुभाषी. मुक्या माणसाची साक्ष खुणांनी घेता येते, कायद्यात तशी सोय आहे, असं वकील म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. मी म्हटलं, मग मी सांगते ना तिच्या खुणा. माझ्याएवढं तिला कोण जाणतं? तिच्या खुणा आमच्या घरातच जन्मल्या. बाप म्हणजे जाळं फेकायचा हात. मामा म्हणजे मिशीला पीळ. पाटलीणबाई म्हणजे नाकाशी चिमूट, कारण ती तपकीर ओढायची. पण मामाच्या वकिलानं हरकत घेतली. मुलीचा या जमिनीत हितसंबंध आहे, ती दुभाषी कशी होईल? आणि जज्जसाहेबांनी ती मानली. माझी चिडचिड झाली ती याचीच, की त्याचं बरोबर होतं. मायनंतर जमीन मलाच येणार होती. कायदा चुकला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

तेव्हा दुभाषी बाहेरून. अर्ज केला, स्मरणपत्र दिलं. एका तारखेला दुभाषी आले नाहीत, पुढच्या तारखेला आले तर साहेब रजेवर. दर वेळी मी ऊर्जानगरातून पहाटे निघायचे, चंद्रपूरला एसटी पकडायची, सिंदेवाहीला गाडी बदलून गावात जायचं, मायला घ्यायचं, परत तालुक्याला. माय बिचारी दर तारखेला डोक्याला तेल लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. तिला वाटायचं, आज शेत मिळणार.

आता मनगटाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कोणाला समजणार नाही, आणि सांगताना माझीच मला शरम वाटते.

मायला शब्द नाहीत, पण आवाज आहे. मोठा, घोगरा, पोटातून येणारा. राग आला, आनंद झाला, की ती ओरडते. लहानपणी बाजाराच्या दिवशी ती मासे विकायला बसायची आणि गिऱ्हाइकाशी भांडताना तो आवाज काढायची. बाजारातली पोट्टी तिची नक्कल करायची. शाळेत माझ्या मागून यायची, तसाच आवाज काढत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. घरी येऊन मी मायला शिकवलं. मी मनगट दाबलं की आवाज बंद, आणि समोरचा मोठा माणूस जे काही बोलेल त्याला मान हलवायची. पाठीवर थाप दिली की मोकळी. माय एका दिवसात शिकली. माझ्यासाठी शिकली.

त्यानंतर आम्ही कुठंही गेलो की मी आधी मनगट दाबायचे. दवाखान्यात, तहसीलमध्ये, लग्नात. मला बघायला पाहुणे आले तेव्हाही. माय तासभर मान हलवत बसली. सासूबाई अजून सांगतात, "विहीणबाई बम शांत स्वभावाची." मलाही तेव्हा कौतुकच वाटलं होतं, काय सांगू!

शेवटी साक्षीची तारीख आली. दुभाषी म्हणून मुक्या मुलांच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. चांगल्या होत्या, त्यांना बोल लावणार नाही. त्यांनी बोटं नाचवून मायला काही विचारलं. मायनं माझ्याकडं पाहिलं. त्या खुणा शाळेतल्या होत्या, हजारो मुलं त्या शिकलेली असतील, पण मायनं शाळेची पायरी चढलेली नव्हती. बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून पुकारा झाला. मायनं काळे कोट पाहिले, पोलिस पाहिला, आणि तिच्या घशातून तो आवाज निघाला. थोडासाच. सगळ्यांनी वळून पाहिलं.

माझा हात गेला आणि मी तिचं मनगट दाबलं.

साहेब वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं अशा गोष्टीत कोणीतरी वाईट असतं. त्यांनी मायला उभं ठेवलं नाही, खुर्ची दिली. पंखा तिच्याकडं वळवायला सांगितला, पाणी द्यायला लावलं. दुभाषी बाईंनी सुरुवातीलाच उभं राहून सांगितलं, "सर, यांच्या खुणा घरगुती आहेत, मला पूर्ण समजत नाहीत. माझ्याही त्यांना कितपत कळतील, शंका आहे." साहेबांनी विचारलं, "हो-नाही तरी कळतंय ना?" बाई म्हणाल्या, "मान हलवतात, सर." मग साहेब म्हणाले, प्रयत्न करा.

मामाचा वकील उठला. हा माणूस तुमचा भाऊ आहे का? बाईंनी खुणा केल्या. मायनं मान हलवली, हो. तो तुम्हाला सांभाळतो? हो. तुम्ही स्वतःच्या पायांनी रजिस्ट्री ऑफिसात गेलात? हो. दस्त तुम्हाला वाचून दाखवला आणि तुम्ही तो समजून घेतला? हो. साहेबांनी सांगितलं, टायपिस्टनं टाइप केलं. अरे बाबांनो, बहिऱ्या बाईला वाचून दाखवला? भरलेल्या कोर्टात एकाही माणसाला खटकलं नाही. माय नीट बसली होती, हात मांडीवर, पदर डोक्यावर, आणि ज्याचं तोंड हलेल त्याच्याकडं बघून मान डोलवत होती. पंखा वळवायला आलेला माणूस काही बोलला, त्यालाही हो.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला मोकळी केलीच नव्हती. मनगट दाबून आत पाठवली होती, आणि पाठीवर थाप द्यायची राहून गेली होती.

मी ताडकन उठले आणि तिच्याकडं निघाले. एक थाप, बस, एवढंच करायचं होतं मला. पोलिसानं आडवा हात घातला. मी ओरडले, "साहेब, तिचं ‘हो’ खरं नाही! ते सगळ्याले हो म्हणते! मीच शिकवलं तिले! मले फक्त तिच्या पाठीले हात लावू द्या!"

मामाचा वकील लगेच उभा. "साहेब, साक्षीदाराला इशारे देऊन राह्यल्या या."

साहेबांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी दाराबाहेर उभी राहून काचेतून बघत राहिले. राजीखुशीचा प्रश्न तेव्हाच विचारला गेला असणार. मायनं काचेतून माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर शाबासकी हवी असल्यासारखं हसू होतं. बघ, मी किती नीट वागून राह्यली.

ती बाहेर आली तेव्हा दुभाषी बाई डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "ताई, त्या खुर्चीत तुम्ही हव्या होत्या." माझ्या मनात आलं, त्या खुर्चीत नव्हते तरी माझाच हात तिच्या मनगटावर होता.

आमचे वकील आम्हाला बाहेर चिंचेखाली घेऊन गेले. माणूस हुशार. मी त्यांना मनगटाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, पेच समजून घ्या. हा जबाब असाच राहिला तर जमीन गेली. अन् हे कोर्टापुढं मांडलं की बाई कशालाही मान हलवते, तं कोर्टच म्हणेल की तिले काही समजतच नाही, मग तिच्या नावानं दावा कसा चालेल."

"मग?"

"मग तेच आपण म्हणायचं. जिल्ह्याच्या दवाखान्यातून दाखला काढू, की यांचं डोकं ठिकाणावर नाही, व्यवहार समजत नाही. तुम्ही त्यांच्या पालक म्हणून दावा चालवा. तसं झालं तं आजचा जबाबही रद्द, अन् बक्षीसपत्रही रद्द. कायद्यात मनोरुग्णाचा दस्त टिकत नाही. शेत परत."

मी म्हटलं, "म्हणजे मामा म्हणत होता तेच आपण म्हणायचं? येडी हाय?"

"कागदावर, ताई. नुसतं कागदावर."

त्यांनी बॅगेतून कागद काढला, शाईचं पॅडही काढलं. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. दोन एकर, तलावाखालची, बारमाही ओल असलेली. आणि माय कुठं वाचणार होती तो कागद? तिला शेत मिळालं म्हणजे झालं. पण अंगठ्याच्या त्या एका खुणेनं एकदा काय झालं ते मी विसरले नव्हते. म्हटलं, यावेळी विचारूनच.

मी आधी तिच्या पाठीवर थाप दिली. माय मोकळी झाली, मोठा श्वास सोडला, खांदे खाली आले. मग मी तिला दाखवलं. कागद. साहेब. तू. आणि कानाजवळ बोट गोल फिरवलं. ही खूण तिला शिकवावी लागत नाही. ती आयुष्यभर लोकांनी तिच्यासमोरच केलेली आहे, तिला दिसत नाही असं समजून. मग रोप खोचायची खूण. शेत परत.

मायनं माझं फिरणारं बोट बघितलं. मग तिनं फाडकन माझ्या हातावर मारलं. आणि ओरडली. तो आवाज मी तीस वर्षांत ऐकला नव्हता, तसा पूर्ण, छाती फाडून. तिनं आपल्या कपाळावर हात मारला, मान जोरजोरात आडवी हलवली, छाती बडवली, तलावाच्या दिशेनं हात केला. नाही. मी येडी नाही. शेत माझं. येडी नाही. इतकं स्वच्छ ‘नाही’ मी कोणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही. वकील दोन पावलं मागं सरकले. चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघू लागली.

तेवढ्यात तोच शिपाई व्हरांड्यातून धावत आला. "ओ बाई! आवाज बंद करा! कोर्ट सुरू हाय!"

आणि माझा हात गेला. देवाशपथ सांगते, मी घातला नाही, तो गेला. मी तिचं मनगट दाबलं.

माय एकदम गप्प. जणू नळ बंद केला. डोळ्यांतून पाणी चाललेलं, ऊर धपापतंय, आणि ती शिपायाकडं बघून मान हलवायला लागली. हो. हो. हो.

वकील म्हणाले, "बघा, पटलं त्यांना. हो म्हणून राह्यल्या. घ्या अंगठा."

"ते नाई म्हणाली," मी म्हटलं.

"कधी?"

"आत्ता. तुम्ही ऐकलं ना."

"तो नुसता आवाज होता, ताई," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी कागद त्यांच्या हातात परत दिला. निकाल लागला तो लागायचा तसाच लागला. वादीने उलटतपासणीत स्वतः कबूल केले आहे, सबब दावा फेटाळण्यात येतो. अपिलात जाऊ म्हणतात वकील. पण अपिलातही तेच वाक्य तिच्या नावावर पुढं जाणार आहे.

साक्षीच्या त्या दिवशी एसटीत बसल्यावर मी मायचं मनगट हातात घेतलं आणि तिच्यासमोर दोन्ही हात जोडले. यापुढं नाही दाबणार, असं खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. तिला किती समजलं ठाऊक नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

या रोवणीला मामाचा फोन आला. सकाळची वेळ, मी डबा भरत होते. मामानं बाया लावून तलावाखालच्या बांध्यांत रोवणं सुरू केलं होतं, आणि माय तिथं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभी होती. तीन दिवस झाले, रोज येते, दिवसभर उभी राहून ओरडते. बाया घाबरल्या, हसतात, काम होत नाही. गावातले आता उघड येडी म्हणतात तिला, मामा सांगत होता.

"तू ये अन् तिले गप कर," तो म्हणाला. "तुले जमते ते. मनगट दाबलं की आयकते ते तुयं."

फोनमध्ये त्याच्यामागं तिचा आवाज येत होता. घोगरा, पोटातला. मी डब्याचं झाकण तसंच ठेवून ऐकत राहिले.

मामा चिडला. "आयकू येऊन राह्यलं का नाई तुले?"

"येऊन राह्यलं," मी म्हटलं. "वरडू दे तिले."